रिकाम्या खोगिरामागचे स्वार

लोहगावच्या हवाई दलाच्या तळावर जवानाचं पार्थिव उतरतं. अधिकारी पुष्पचक्रं वाहतात, सलामी होते आणि फुलांनी सजवलेली लष्कराची गाडी गावाकडे निघते. गाव शिरूर, पारनेर, श्रीगोंद्याकडचं असेल तर नगर रस्ता धरायचा. हडपसर, फुरसुंगी, सासवडच्या अंगाचं असेल तर खराडी बायपास चौकातून मुंढव्याकडे वळायचं. दोन्ही वाटा खराडीला शिवून जातात. आयटी पार्क आणि काचेचे मनोरे अलीकडचे. त्याआधी मुळा-मुठेच्या काठचं हे शेतकऱ्यांचं गाव होतं, तेव्हाही नगर रस्त्याला फौजी गाड्यांची सवय होती. त्याच्या एका टोकाला दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे आणि दुसऱ्या टोकाला अहिल्यानगरचं चिलखती दलाचं केंद्र.

गावाची वेस जवळ आली की त्या गाडीपुढे मोटारसायकली लागतात. तिरंगा धरलेली, दोन-दोनच्या ओळीत चालणारी, बहुतेक गावातलीच पोरं. त्या दिवशी गावात चूल पेटलेली नसते, दुकानं बंद असतात, रस्ता झाडून दुतर्फा रांगोळी काढलेली असते. सैन्याच्या बाजूने सगळं नियमांनी बांधलेलं आहे. तिरंग्यात लपेटलेली शवपेटी, केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला. ‘शोक शस्त्र’ची आज्ञा झाली की बंदुकांच्या नळ्या जमिनीकडे वळतात आणि माना खाली जातात. मग हवेत फैरी, मग बिगुल. या सगळ्यात मोटारसायकलला कुठेही जागा दिलेली नाही. ती लोकांनी आणली. तिची कुळकथा शोधायला गेलं की माग थेट घोड्यापर्यंत पोचतो.

आपल्याकडचा सर्वांत जुना पुरावा दगडात आहे. महाराष्ट्रात गावोगावी, देवळाच्या आवारात नाहीतर पारावर, वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई चाललेली असते, कधी वीर घोड्यावर असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर घेऊन जातात. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. मधली चौकट मला फार महत्त्वाची वाटते. लढून पडलेल्या माणसाने पुढचा प्रवास एकट्याने करू नये, त्याच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी असावं, ही भावना कारागिराने तिथे कोरून ठेवली आहे.

दुसरा धागा वारीतला. माउलींच्या पालखी सोहळ्यात दोन अश्व असतात. एकावर पताका घेतलेला स्वार बसतो. दुसऱ्यावर कुणीच बसत नाही, तो माउलींचा. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात. सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी राहिलेले लष्करी गृहस्थ. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक, चोपदाराची काठी वर झाली की क्षणात पसरणारी शांतता, यांत फौजेची शिस्त उघड दिसते. आणि या शिस्तीच्या ऐन मध्यावर, रिंगणात, रिकाम्या पाठीचा घोडा धावतो. बघणाऱ्या लाखोंपैकी कुणालाही तो रिकामा वाटत नाही.

युरोप-अमेरिकेतल्या लष्करी अंत्ययात्रांतही स्वाराविना घोडा चालवतात. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या अंत्ययात्रेत ‘ब्लॅक जॅक’ नावाचा काळा घोडा होता. त्याच्या रिकिबीत बूट उलटे, टाचा पुढे करून अडकवलेले होते. वारीचा आणि त्या घोड्याचा एकमेकांशी संबंध नाही. गेलेल्या माणसाची जागा मोकळी ठेवून तिला सोबत घेऊन चालायचं, हे मात्र दोन्हीकडे आपापलं सुचलेलं आहे.

मग घोडा गेला आणि यंत्र आलं. १८१७च्या पुण्याच्या तहानंतर उभं राहिलेलं घोडदळ पुढे ‘पूना हॉर्स’ झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचे घोडे गेले, पण नावात ‘हॉर्स’ राहिला. १९६५ साली लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ साली पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, दोघेही परमवीर चक्राचे मानकरी, याच पलटणीचे आणि दोघेही रणगाड्यात लढले. निरोप्याचा घोडा गेला तिथे मोटारसायकल आली. पहिल्या महायुद्धात संदेश घेऊन धावणारे मोटारसायकलस्वार पलटणींच्या ओळखीचे झाले आणि दुसऱ्यात तर त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं. आपल्या सिग्नल्स कोअरचं ‘डेअर डेव्हिल्स’ हे मोटारसायकल पथक १९३५चं आहे. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीच्या गस्तीसाठी लष्कराने रॉयल एनफील्डची बुलेट घेतली आणि १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. रजेवर आलेल्या फौजीला बुलेटचं जे वेड असतं, त्याचं मूळ इथे आहे. गावातल्या पोरांनी ते त्याच्याकडूनच घेतलं.

सैनिकाच्या अंत्ययात्रेला मोटारसायकलस्वारांनी पहारा द्यायचा, ही आज जगभर दिसणारी प्रथा मात्र अमेरिकेची आहे आणि तिचा जन्म एका संतापजनक प्रकारातून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या परतलेल्या सैनिकांनी लष्कराने विकायला काढलेल्या मोटारसायकली घेतल्या आणि ते टोळक्यांनी हिंडू लागले. १९४७च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात जमलेल्या अशा गर्दीच्या दंग्याच्या बातम्या झाल्या आणि पुढची कित्येक वर्षं मोटारसायकलवाला म्हणजे गुंड, अशी प्रतिमा चिकटली. १९९३ साली मिशिगनमधल्या गार्डन सिटीत माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ संघटनेच्या एका शाखेने आपल्या मोटारसायकलवाल्या सभासदांचा गट काढला. २००५ साली कॅन्ससमध्ये अशाच एका शाखेच्या स्वारांवर एक अवघड प्रसंग आला.

टोपेका शहरातल्या वेस्टबरो बाप्टिस्ट चर्चची माणसं इराक युद्धात मेलेल्या सैनिकांच्या अंत्यविधीला फलक घेऊन उभी राहू लागली होती. देशाने समलिंगी लोकांना सहन केलं म्हणून देव सैनिकांना मारतो आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि सैनिकाच्या मरणाबद्दल देवाचे आभार मानणारे फलक आईबापांच्या डोळ्यांसमोर. मलवेन गावातल्या लीजनच्या स्वारांनी ठरवलं की हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, फक्त मध्ये उभं राहायचं. मोठाले झेंडे घेऊन खांद्याला खांदा लावून ते अशा जागी ओळ धरत की कुटुंबाला पलीकडचे फलक दिसूच नयेत. घोषणा सुरू झाल्या की इंजिनं सुरू होत आणि घोषणा त्या आवाजात बुडून जात. यातूनच ‘पॅट्रियट गार्ड रायडर्स’ ही देशव्यापी संघटना झाली. कुटुंबाने बोलावलं तरच जायचं, हा तिचा पहिला नियम. सभासद व्हायला सैन्यात असलंच पाहिजे असं नाही आणि मोटारसायकलही असायला लागत नाही.

२००६ साली अमेरिकी संसदेने राष्ट्रीय दफनभूमींजवळच्या निदर्शनांवर बंधनं घातली. पण एका मृत सैनिकाच्या वडिलांनी त्या चर्चवर केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०११ मध्ये आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल चर्चच्या बाजूने लागला. सार्वजनिक जागेतलं, सार्वजनिक प्रश्नावरचं बोलणं कितीही दुखवणारं असलं तरी घटनेने त्याला संरक्षण दिलं आहे, असं न्यायालय म्हणालं. कायद्याचा हात तिथे थांबला आणि राहिली ती झेंडेवाल्यांची ओळ. जे न्यायालयाला देता येत नव्हतं ते या माणसांनी नुसतं उभं राहून त्या आईबापांना दिलं, म्हणून ही कथा मला मोठी वाटते. चाळीस-पन्नास वर्षं गुंड म्हणून हिणवलेली ही जमात, आणि शोकाच्या घराला आडोसा द्यायला तीच पुढे आली.

पण खराडीत बसून विचार केला की मला मलवेनपेक्षा इंग्लंडमधलं वुटन बॅसेट जवळचं वाटतं. विल्टशायरमधलं हे बाजारपेठेचं छोटं गाव. २००७ ते २०११ या काळात इराक-अफगाणिस्तानातून येणारी ब्रिटिश सैनिकांची पार्थिवं जवळच्या लाइनम हवाईतळावर उतरत आणि ऑक्सफर्डच्या रुग्णालयाकडे नेताना या गावातून जात. गाव केवळ रस्त्यात होतं. तिथल्या माजी सैनिकांच्या ब्रिटिश लीजनच्या काही म्हाताऱ्या सभासदांनी पहिल्यांदा थांबून मान लववली, मग दुकानदार बाहेर आले, मग सगळं गाव. कुणी आदेश दिला नव्हता. २०१०च्या मार्चमध्ये हजारो मोटारसायकलस्वार या गावाला मानवंदना द्यायला त्याच रस्त्यावरून गेले. २०११ साली राणीने गावाच्या नावाला ‘रॉयल’ जोडलं. खराडीचं भाग्यही रस्त्यात असण्याचंच आहे. डिसेंबर २०१६ मध्ये पांपोरला शहीद झालेले सौरभ फराटे फुरसुंगीचे. जानेवारी २०१९ मध्ये नौशेरा भागात धारातीर्थी पडलेले मेजर शशीधरन नायर खडकवासल्याचे. अशा दिवशी हातातलं काम टाकून शहर रस्त्यावर येतं, हे पुण्याने पाहिलेलं आहे.

ही स्वारी वाटते तितकी सोपी नसते. अंत्ययात्रेचा वेग ताशी दहा-पंधरा किलोमीटरचा. त्या वेगाला बुलेट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, मागच्या ब्रेकवर पाय ठेवून चालवावी लागते. पुढचा ब्रेक दाबला की हँडल लचकतं. डावा पंजा काही वेळातच भरून येतो आणि हवेवर थंड होणारं इंजिन उन्हात तापत जातं. जोडीतले दोघे एकमेकांच्या अगदी बरोबरीने न चालता थोडे तिरपे चालतात, म्हणजे खड्डा चुकवायला जागा मिळते. वाटेत हॉर्न वाजवायचा नाही. झेंड्याचेही नियम आहेत. २००२च्या ध्वजसंहितेनुसार तिरंगा वाहनाच्या टपावर, बाजूंवर किंवा मागे अंथरता येत नाही, तो फाटका किंवा चुरगळलेला चालत नाही आणि शवपेटीवरचा ध्वज चितेवर जाळायचा नसतो. तो काढून, घडी करून कुटुंबाच्या हाती देतात. परदेशातल्या अशा पथकांत पुढच्या स्वाराशेजारची एक जागा मोकळी सोडण्याची रीत आहे. वैमानिकांच्या मानवंदनेत एका विमानाची जागा रिकामी ठेवतात, तिथून ती आली. वारी पाहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. ही सगळी गर्दी तरुण शहिदाच्या वाट्याला येते, आणि ती यायलाच हवी. पण १९७१ साली विशीत असलेला शिपाई आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. तो गावची जमीन मुलाच्या हवाली करून, किंवा मुलाच्या नोकरीपायी, खराडीतल्या एखाद्या सोसायटीत राहायला आलेला असतो. वॉचमन त्याला ‘सुभेदार साहेब’ म्हणतो, बाकी मजल्यांना तो ‘सातशे दोनमधले आजोबा’. तो जातो तेव्हा लिफ्टमधून खाली आणतात, शववाहिनी येते, चार नातेवाईक आणि तासाभरात सगळं आटोपतं. पॅट्रियट गार्डचे स्वार अशा म्हाताऱ्या फौजींसाठीही जातात आणि ज्यांचं कुणीच नाही अशांसाठी तर आवर्जून. बेवारस राहिलेल्या माजी सैनिकांच्या अस्थी शोधून त्यांना सन्मानाने विसावा देणाऱ्या तिथल्या कार्यकर्त्यांनाही मोटारसायकलस्वार सोबत करतात.

आपल्याकडे हे करायला फार काही लागत नाही. रविवारी पहाटे नगर रस्त्यावर निघणारे बुलेटवाल्यांचे गट आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, माजी सैनिकांच्या संघटना आहेत. १४ जानेवारीला, जनरल करिअप्पा १९५३ साली निवृत्त झाले त्या दिवशी, माजी सैनिक दिन पाळला जातो. त्या दिवशी आपल्या सोसायटीत कोण फौजी आहे, कुठल्या पलटणीत होता, कुठे लढला, एवढं विचारून वहीत लिहून ठेवावं. पुढे घरच्यांनी होकार दिला तर दहा जणांनी गाड्या काढाव्यात, शववाहिनीपुढे दोन-दोनच्या ओळीत स्मशानभूमीपर्यंत जावं, तिथे इंजिनं बंद करून हेल्मेट काढून उभं राहावं, आणि नाव घेताना आधी पलटणीचं नाव घ्यावं.