बालकांच्या आहारातील साखर : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बुलढाणा हा वऱ्हाडातील पूर्वी प्रामुख्याने कापूस व ज्वारी पिकविणारा जिल्हा होय. ग्रामीण बालकांच्या वाट्याला गोडधोड मुख्यतः पोळा, दिवाळी, संक्रांत अशा सणांनाच येत असे. १९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. कालांतराने या जिल्ह्यातही दुसरबीड येथे जिजामाता सहकारी कारखाना उभा राहिला. तथापि, सामान्य कुटुंबाला साखर दीर्घकाळ शिधापत्रिकेवर मोजूनच मिळे. अर्थात, तो संयम टंचाईतून आलेला होता. बिस्किटे व शीतपेये गावोगावी पोहोचताच तो ओसरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त शर्करा दैनिक ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवण्याची शिफारस केली. पूर्वी टंचाईने घातलेली मर्यादा आता घर व शाळा यांनी जाणीवपूर्वक घालणे अगत्याचे ठरते.