आकाशाचें संगीत आणि कल्याणच्या तबकड्या

ग्रहगोल फिरतांना गातात, ही कल्पना पायथागोरसच्या संप्रदायाइतकी जुनी आहे. तारेची लांबी व स्वर यांमधील साधीं गुणोत्तरें ज्यांस सांपडलीं, त्यांस तींच आकाशांतही असावींत असें वाटलें, यांत नवल नाहीं. केप्लरनें १६१९ सालच्या आपल्या ग्रंथांत ग्रहांच्या मंदशीघ्र गतींवरून प्रत्येकाची स्वरपंक्ति मांडली; पृथ्वीच्या वांट्यास अवघें अर्ध्या स्वराचें अंतर आलें. हें संगीत कानाचें नव्हे, बुद्धीचें, असें तो स्वतःच मानी. मौज अशी कीं, ग्रहांचा प्रदक्षिणाकाल आणि सूर्यापासूनचें अंतर यांचा नियमही याच ग्रंथांत आहे. स्वरपंक्ति मागें पडली, नियम टिकला. आपल्याकडे देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकरां’त नादाचे आहत व अनाहत असे दोन भेद सांगितले, पण त्याचा अनाहत नाद योग्याचा विषय, ज्योतिष्याचा नव्हे. रेडिओदुर्बिणीनें तोच अनाहत नाद ऐकूं येतो, असें सांगण्याची जी हौस हल्लीं दिसते, ती आम्हांस पटत नाहीं. पोकळींतून ध्वनि प्रवासच करीत नाहीं. १९३० नंतरच्या दोनतीन वर्षांत अमेरिकेंत जान्स्कीनें आकाशगंगेची खरखर ऐकली खरी. परंतु आल्या होत्या त्या रेडिओलहरी, त्यांचा आवाज केला तो त्याच्या यंत्रानें.

मग संगीताचा व आकाशाचा खरा संबंध कोठें? बेलवलीकरांस त्याचें उत्तर फार दूर शोधावयास नको. बदलापुराहून निघालेली गाडी अंबरनाथ, उल्हासनगर मागें टाकून ज्या कल्याणास पोंचते, त्याच्याजवळ १९६५ सालीं सूर्याच्या रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण उभी राहिली. रोज त्या गाडीनें जाणाऱ्यांपैकीं किती जणांस हें ठाऊक असेल, कोण जाणे! टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील गोविंद स्वरूप हे तिचे कर्ते. सुमारें सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या सिडनीजवळील पॉट्स हिल येथें वापरून झालेल्या, देणगीदाखल मिळालेल्या व मध्यंतरीं कांहीं वर्षें दिल्लीस राहिलेल्या होत्या. त्यांपैकीं २४ पूर्वपश्चिम ६३० मीटरांत व ८ दक्षिणोत्तर २५६ मीटरांत मांडल्या.

आतां तंबोरा आठवावा. जोडीच्या दोन तारांपैकीं एकीचीं आंदोलनें सेकंदास २४० व दुसरीचीं २४२ असलीं, तर आवाज सेकंदांत दोनदां चढतो व उतरतो. लाटेच्या शिखरावर शिखर आलें कीं जोर वाढतो, शिखराशीं दरी गांठली कीं तो मावळतो. कानसेन त्या हेलकाव्यावरूनच तार जुळवितो. कल्याणासही प्रकार हाच होता. सूर्याची लहर सर्व तबकड्यांवर एकाच क्षणीं येत नाहीं. केबलींतून ती एकत्र आणतांना कोठें उशीर, कोठें घाई होऊन चालत नाहीं. लहरीची लांबी तेथें अर्ध्या मीटराच्या आंतबाहेर. म्हणजे वाटेंत वीतभर फरक पडला कीं त्या तबकडीची बेरीज व्हावयाची ती वजाबाकी व्हावी! बत्तीस तारांचा तंबोरा जुळविण्याइतकें तें किचकट काम. तें साधलें, म्हणून १९६८ पर्यंतच्या निरीक्षणांतून सूर्याच्या प्रभामंडलाचें तापमान सुमारें दहा लक्ष अंश असल्याचें आणि रेडिओलहरींत सूर्याची कड अधिक तेजस्वी असल्याचें दिसून आलें.

पुढें १९७० सालीं स्वरूपांची दुर्बीण उटीस झाली आणि नंतर नारायणगांवाजवळ खोडद येथें. खोडदला तबकड्या ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि त्या विखुरल्या आहेत सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत.