आज्जीची दोन नावं

परवा अमेरिकेतल्या मावसभावाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर गाडी निवडणुकीवर आली. "काय रे, आपल्याकडे कोट्यवधी लोक मुकाट्याने कार्ड दाखवून मत देतात. इथे कार्ड मागितलं की अन्याय झाला म्हणून ओरड! हे काय कोडं आहे?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पण फोन ठेवला आणि आज्जी आठवली.

एप्रिल २००९. लोकसभेची निवडणूक. आज्जी तेव्हा ऐंशीला टेकलेली. उन्हाच्या आधी जाऊन येऊ म्हणून बाबा तिला सकाळीच केंद्रावर घेऊन गेले. केंद्र म्हणजे गावातली तीच शाळा, जिथे तिने तीस वर्षं पोरांना बाराखडी शिकवली. मतदार कार्ड तिचं झालेलं नव्हतं. गावात फोटो काढायला आले त्या दिवशी ती आत्याकडे होती. पण फोटोचं बँक पासबुक चालतं हे तिला माहीत होतं, म्हणून पेन्शनचं पासबुक घेऊन गेली.

आणि तिथेच घोळ झाला. शाळेच्या दाखल्यावर, म्हणून नोकरीत, म्हणून पासबुकावर तिचं माहेरचं नाव. लग्नात आजोबांनी तांदळात लिहिलेलं नाव वेगळं, आणि मतदार यादीत तेच. यादीत तिच्या नावापुढची फोटोची चौकट रिकामी. टेबलावरचे साहेब बाहेरगावचे. ते म्हणाले, "आजी, या दोन वेगळ्या बायका आहेत."

गंमत पुढेच आहे. खोलीत बसलेले दोन्ही पक्षांचे पोलिंग एजंट आज्जीचे विद्यार्थी! एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघे एका सुरात म्हणाले, "साहेब, या आमच्या बाई आहेत." साहेब नियमाला धरून होते. आज्जी परत आली. घरी येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, "बावन्न साली मला कोणी विचारलं नव्हतं."

त्या वाक्यामुळे मी नंतर बरंच वाचत गेलो.

१९५१-५२ ची आपली पहिली निवडणूक. साधारण सव्वासतरा कोटी मतदार, त्यातले बहुतेक निरक्षर. फोटो नाही, कार्ड नाही. यादीतलं नाव मोठ्याने वाचायचं, हरकत कोणाची नसेल तर बोटाला शाई लावून आत सोडायचं. ओळख पटवायची ती माणसांनी. आज्जी सांगायची, सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर तिचं पूर्ण नाव कोणीतरी पहिल्यांदा उच्चारलं ते त्या दिवशी.

पण हे चित्र दिसतं तितकं गोड नाही. यादी बनवताना उत्तरेत, मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान या भागांत, असंख्य बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की अशा नोंदी चालणार नाहीत. नाव सांगायला मुदत वाढवून दिली, तरी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. म्हणजे ओळखीच्या अटीचा पहिला फटका आपल्याकडे बायकांना बसला, आणि तोही मतदानाच्या कितीतरी आधी, यादीतच. सेन यांचा हेतू चांगला होता. बाईला स्वतःच्या नावाने मत मिळावं हाच. पण त्या वर्षी २८ लाख जणी बाहेर राहिल्या, हेही खरंच.

माणसांनी ओळख पटवण्याची दुसरी बाजूही आहे. गावात "हा कोण" हे सांगणारा बहुतेकदा गावातला वजनदार माणूस असायचा. त्याने नाही म्हटलं की गरिबाची ओळख संपली. आणि कोणाच्या नावावर कोणी भलताच मत देऊन गेला, तर तोंड उघडायचं कोणी? आज्जीला ओळखणारे दोन विद्यार्थी होते. गावकुसाबाहेरच्या म्हातारीसाठी कोण उठलं असतं? तिच्या हातात फोटोचं सरकारी कार्ड आलं तेव्हा तिला ओळखीसाठी कोणाच्या दारात उभं राहायची गरज उरली नाही.

कार्डाची कल्पना तशी जुनी आहे. १९६० साली कलकत्त्याच्या नैर्ऋत्य मतदारसंघात तिचा पहिला प्रयोग झाला. दहा महिने खपून जवळपास साडेतीन लाख मतदारांपैकी दोन लाखांच्या थोड्या वर लोकांनाच कार्डं देता आली. पुष्कळ बायकांनी फोटो काढू दिला नाही, बरेच लोक घरी सापडले नाहीत. (आमची आज्जी काही एकटी नव्हती!) पुढे १९९३ मध्ये शेषन यांनी देशभर कार्डांचा आदेश काढला आणि १ जानेवारी १९९५ नंतर कार्डाशिवाय निवडणूकच नाही अशी तंबी दिली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आवरलं. कार्ड सरकारने दिलं नाही म्हणून नागरिकाचं मत अडवता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ.

मला सगळ्यात विचार करायला लावलं ते १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या एका छोट्या कलमाने. मतदार खरा नाही अशी शंका एजंटला आली, तर त्याने आधी दोन रुपये अनामत ठेवायचे. मग केंद्राध्यक्ष चौकशी करणार. हरकत उगाच घेतलेली निघाली तर पैसे जप्त. म्हणजे शंकेची किंमत शंका घेणाऱ्याने मोजायची! हे कलम अजून आहे. पण कार्ड आल्यापासून व्यवहारात शंका फुकट झाली. आता प्रत्येकाने आपण आपणच असल्याचं आधी सिद्ध करायचं.

मावसभावाच्या कोड्याचं उत्तर मला इथे सापडतं. अमेरिकेत इंडियाना राज्याने फोटो ओळखपत्राची अट घातली आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. त्यानंतर आठवड्याभरात झालेल्या मतदानात साउथ बेंडच्या मठातल्या डझनभर वृद्ध नन्स परत पाठवल्या गेल्या. परत पाठवणारी केंद्रावरची बाई त्याच मठातली नन होती! ती त्यांना रोज बघत होती. तिथे कार्ड फुकट मिळतं, पण जन्मदाखला वगैरे जमवून कचेरीत जायचं ते मतदाराने. आपल्याकडे निदान कार्ड करायला सरकार गावात येतं, पासबुकासारखे पर्यायही देतं. अट एकच, पण ओझं कोणाच्या खांद्यावर, यावर ती न्याय्य की अन्यायाची हे ठरतं.

आणि म्हणून २०२५ साली बिहारमध्ये यादीची फेरतपासणी झाली तेव्हा मी कान टवकारले. कच्च्या यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. त्यात मयत होते, स्थलांतरित होते, दुबार नावंही होती. पण न्यायालयाला सांगावं लागलं की वगळलेली नावं कारणांसह जाहीर करा. शंका घेणाऱ्याने निदान कारण तरी सांगावं... दोन रुपयांचीच गोष्ट ती.

मी कार्डाच्या विरुद्ध नाही. फक्त वाटतं, कार्ड मागणाऱ्याने आधी ते माणसाच्या दारापर्यंत पोचवावं. आणि कागद अडला तर त्या खोलीत "या आमच्या बाई आहेत" या वाक्यालाही थोडी जागा असावी.

बाबांनी लगेच फॉर्म भरला. ऑक्टोबरात विधानसभेला आज्जीने कार्ड दाखवून मत दिलं. ते तिचं शेवटचं. कार्ड अजून कपाटात आहे, सासरच्या नावाचं. पासबुकही त्याच्याच खाली आहे, माहेरच्या नावाचं. दोन्हीवर फोटो मात्र एकाच बाईचा.