संमती (फौजदारी कायद्यातील बचाव)

ज्याला इजा झाली त्यानेच होकार दिला होता, तेव्हा गुन्हा घडलाच नाही, असे आरोपीचे म्हणणे. भारतीय दंड संहितेच्या (1860) कलम 87 ते 92 मधील याविषयीच्या तरतुदी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 25 ते 30 मध्ये आल्या आहेत.

कुस्तीत नियमाने डाव टाकताना प्रतिस्पर्ध्याचा हात मुरगळला, तर गुन्हा होत नाही. 18 वर्षांवरील माणूस तेवढा धोका आपखुशीने पत्करू शकतो. मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू वा तशी जाणीव असेल, तर मात्र हा बचाव चालत नाही. रुग्णाच्या भल्यासाठी, त्याच्या संमतीने व सद्भावनेने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला जिवाचा धोका ठाऊक असूनही संरक्षण मिळते. सज्ञान माणसाला त्याच्या संमतीने ठार मारले, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो. सुटका होत नाही.

होकार भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिला असेल आणि आरोपीला ते ठाऊक असेल, तर तो कायद्याच्या लेखी संमती नव्हे. 1869 च्या एका खटल्यात, विष उतरवू शकतो असे भासवून गारुड्याने एकाला साप चावू दिला व तो माणूस दगावला. त्याचा होकार गारुड्याच्या कामी आला नाही.

या बचावाचा सर्वांत अन्याय्य वापर महाराष्ट्रातच झाला. 1972 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाला (मथुरा प्रकरण). उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ठाण्यातील दोघा पोलिसांना दोषी ठरवले. रात्री, ठाण्यात, वर्दीतल्या माणसासमोर गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे खंडपीठाने ओळखले होते. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, यावर भर देऊन दोघांना सोडले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धगमवार यांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. 1983 च्या दुरुस्तीने, कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संभोग सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरणे बंधनकारक झाले. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हे 2013 मध्ये कायद्यात स्पष्ट लिहिले गेले.

पती व 18 वर्षांवरील पत्नी यांच्यातील संभोग मात्र आजही बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहे. तिथे पत्नीची संमती विचारातच घेतली जात नाही. हा अपवाद रद्द झाला पाहिजे.