शेगडीभोवतीचा मोसम

अमेरिकेतील बेसबॉलचा मोसम ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरच्या आरंभी आटोपतो आणि नवा मोसम मार्च संपता संपता सुरू होतो. मधल्या महिन्यांत मैदाने ओस पडतात. बेसबॉलप्रेमी मनुष्य मात्र गप्प बसत नाही. कोणता खेळाडू घ्यावा, कोणाला निरोप द्यावा, व्यवस्थापक बदलावा की मालकच बदलावा, यांवर त्याचा खल चालू राहतो. या हिवाळी वादविवादाला तिकडे 'हॉट स्टोव्ह लीग' असे शंभराहून अधिक वर्षे जुने नाव आहे. थंडीच्या दिवसांत तापलेल्या शेगडीभोवती बसून माणसे जे बोलत, ते या नावात साठलेले आहे. जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याला हा नुसता विरंगुळा. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याचा मात्र खरा मोसम हाच असतो, कारण उन्हाळ्यात त्याच्या वाट्याला निकाल येतात आणि आशा करण्याची मुभा त्याला फक्त हिवाळ्यात मिळते.

या हिवाळ्यांचा इतिहास लिहायचा तर पिट्सबर्ग हे शहर निवडावे, असे आम्हांस वाटते. तेथील 'पायरेट्स' हा संघ १९९३ ते २०१२ असे सलग वीस मोसम जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने अधिक, अशा अवस्थेत राहिला. उत्तर अमेरिकेतील मोठ्या व्यावसायिक खेळांत इतकी लांब पराभवमालिका अन्य कोणत्याही संघाच्या नावावर नाही. त्या मालिकेच्या आरंभी जन्मलेले मूल ती संपेपर्यंत महाविद्यालयात पोहोचले होते. या वीस हिवाळ्यांत, आणि त्यांच्या आगेमागेही, पिट्सबर्गच्या चाहत्याने जी काळजी वाहिली ती तपासली असता एक गोष्ट ध्यानात येते. खेळाडूंविषयीचे त्याचे अंदाज पुष्कळदा चुकले; मालकाच्या इराद्याविषयीचे सहसा चुकले नाहीत.

प्रथम थोडे मागे जाऊ. १९५२ साली पायरेट्सने १५४ सामन्यांपैकी ४२ जिंकले आणि ११२ गमावले. त्या संघात पाहण्याजोगा माणूस एकच, राल्फ कायनर. १९४६ ते १९५२ असे सलग सात मोसम नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक होम रन त्याचेच होते (काही वर्षी दुसऱ्या कोणाच्या बरोबरीने). लोक तिकीट काढत ते त्याच्यासाठी, आणि त्याची शेवटची खेळी झाली की उठून घरी जात, अशी आठवण सांगितली जाते. त्या हिवाळ्यात संघाचे सूत्रधार ब्रँच रिकी यांनी कायनरपुढे ठेवला तो पगारकपातीचा प्रस्ताव. आपण एवढे होम रन मारले, असे कायनरने म्हटल्यावर रिकींनी जे उत्तर दिले ते बेसबॉलच्या लोककथेत जाऊन बसले आहे. तू असताना आपण शेवटचे आलो, तुझ्याशिवायही शेवटचे येऊच, अशा आशयाचे ते उत्तर होते. पुढच्या जूनमध्ये कायनरची रवानगी शिकागोला झाली.

हे रिकी म्हणजे कोणी सामान्य गृहस्थ नव्हेत. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला १९४७ साली ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरवून बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडणारे तेच. त्यांच्या उत्तरातील कठोरपणा व्यक्तीचा जितका, तितकाच व्यवस्थेचाही होता. १८७९ साली मालकांनी आपसांत केलेल्या एका करारातून 'रिझर्व्ह क्लॉज' जन्माला आला होता. त्यान्वये कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. मिळेल तो पगार घ्यावा किंवा खेळ सोडून द्यावा, एवढेच स्वातंत्र्य खेळाडूला होते. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळले आणि मालकांची बाजू अधिकच भक्कम झाली. कायनर कोठे जाणार होता? आणि चाहता तरी काय करणार होता? आपला आवडता खेळाडू विकला जाऊ नये अशी प्रार्थना करणे, एवढीच त्या काळची हिवाळी काळजी होती.

परंतु याच काळ्याकुट्ट वर्षांतील एक हिवाळा निराळा ठरला, आणि त्या वेळी ते फारसे कोणाच्या लक्षातही आले नाही. १९५४ सालीही पायरेट्स तळाशीच राहिले. तळाच्या संघाला दुय्यम लीगमधील असुरक्षित खेळाडूंतून पहिली निवड करण्याचा हक्क असे. ब्रुकलिनने माँट्रियलच्या संघात ठेवलेला वीस वर्षांचा एक पोर्तोरिकन मुलगा त्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गने ४,००० डॉलरला उचलला. त्याचे नाव रोबेर्तो क्लेमेंते. पहिल्या मोसमात त्याने विशेष काही केले नाही. संघ १९५५ सालीही शेवटचाच राहिला. पुढे १९६० आणि १९७१ अशी दोन अजिंक्यपदे त्याच्या साक्षीने आली. दुसऱ्या अजिंक्यपदाच्या मालिकेत तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. १९७२ च्या मोसमाअखेर त्याचे बरोबर ३,००० हिट झाले होते. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला, निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले त्याचे विमान समुद्रात कोसळले. पिट्सबर्गच्या हिवाळ्यांचा हिशेब मांडताना तो एक हिवाळा आम्ही बाजूला ठेवतो. त्यात काळजी नव्हती, शोक होता.

कायनरला बांधून ठेवणारी व्यवस्था १९७५ साली मोडली. सेंट लुइसच्या कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ साली आपली अदलाबदल नाकारून न्यायालयात धाव घेतली होती. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला. पुढे २३ डिसेंबर १९७५ रोजी, म्हणजे ऐन हिवाळ्यात, पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या प्रकरणात खेळाडूंच्या बाजूने निर्णय दिला. ठरावीक वर्षे सेवा केलेला खेळाडू मुदतीनंतर मोकळा, हे तत्त्व त्यातून रुजले. न्यायाच्या दृष्टीने ही गोष्ट उशिरा का होईना, योग्यच झाली. लहान शहराच्या चाहत्याची काळजी मात्र तिने उलटी केली. पूर्वी मालक खेळाडूला विकेल ही धास्ती असे. आता खेळाडू निघून जाईल ही धास्ती आली. (आयपीएलच्या लिलावाने आपल्याकडच्या वाचकांना या धास्तीची थोडी चव दिली आहे. पण तेथे प्रत्येक संघाच्या थैलीला सारखीच मर्यादा असते. बेसबॉलमध्ये अशी मर्यादा नाही. न्यूयॉर्कच्या थैलीपुढे पिट्सबर्गची थैली म्हणजे बटवा.)

या उलटलेल्या काळजीचे नाट्य १४ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री अटलांटात घडले. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा तो सातवा सामना. नवव्या डावाच्या उत्तरार्धात पायरेट्स २-१ असे पुढे होते, अटलांटाचे दोन गडी बाद झाले होते, आणि फ्रान्सिस्को कॅब्रेरा या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या खेळाडूने चेंडू डावीकडे मारला. एक धावपटू सहज घरी आला. दुसरा, गुडघे दुखावलेला आणि संथ, डावीकडून आलेल्या फेकीच्या किंचित आधी घसरत होम प्लेटवर पोहोचला. तो होता सिड ब्रीम, १९९० च्या हिवाळ्यापर्यंत पायरेट्सचाच खेळाडू. अटलांटाने त्याला अधिक मोबदला देऊ केला आणि तो गेला. तो चेंडू फेकणारा होता बॅरी बॉन्ड्ज. दोन महिन्यांनी तोही गेला, सॅन फ्रान्सिस्कोला, सहा वर्षांसाठी ४ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरवर. त्याच डिसेंबरात प्रमुख पिचर डग ड्रेबेक ह्यूस्टनला गेला. बॉबी बोनिया तर वर्षभर आधीच न्यूयॉर्कला जाऊन पोहोचला होता. एका शहराने दोन हिवाळ्यांत आपला संघ डोळ्यांदेखत रिकामा होताना पाहिला. पोलाद गिरण्यांची दारे बंद होताना पाहून फार वर्षे झाली नव्हती, अशा शहराने.

पुढचे हिवाळे सगळेच सांगण्यासारखे नाहीत. १९९७ साली पायरेट्सच्या संपूर्ण संघाचा पगार सुमारे ९० लाख डॉलर होता. शिकागोच्या व्हाइट सॉक्समधील अल्बर्ट बेल या एकट्या खेळाडूला त्याहून अधिक मिळत होते. गंमत अशी की त्याच वर्षी हा स्वस्त संघ ७९ सामने जिंकून आपल्या गटात दुसरा आला. नवे मैदान झाले म्हणजे उत्पन्न वाढेल, उत्पन्न वाढले म्हणजे चांगले खेळाडू राखता येतील, असे आश्वासन या काळात दिले जात होते. १९९७ च्या नोव्हेंबरात अकरा काउंटींतील मतदारांनी मैदानांसाठीचा वाढीव विक्रीकर फेटाळला. तरीही पुढच्या वर्षी दुसऱ्या मार्गाने सार्वजनिक पैसा उभा राहिलाच. २००१ साली नदीकाठी पीएनसी पार्क उघडले. अमेरिकेतील अत्यंत देखण्या मैदानांत त्याची गणना होते, आणि ती यथार्थ आहे. त्या पहिल्या मोसमात पायरेट्स बरोबर १०० सामने हरले.

त्याच मोसमाआधीच्या हिवाळ्यात डेरेक बेल या खेळाडूशी दोन वर्षांचा, ९७ लाख ५० हजार डॉलरचा करार झाला होता. संघ खर्च करीत नाही ही चाहत्यांची तक्रार. तिला हे उत्तर. बेलची सरासरी त्या वर्षी .१७३ राहिली. २००२ च्या वसंतातील सरावात आपल्याला जागेसाठी स्पर्धा करावी लागेल हे कळल्यावर त्याने 'ऑपरेशन शटडाउन'ची भाषा केली आणि मार्चअखेर संघाने उरलेला पगार देऊन त्याला मोकळे केले. पैसा खर्च न करणे वाईट. पण हिवाळ्यात काहीतरी केले हे दिसावे म्हणून केलेला खर्च त्याहून वाईट, हा धडा पिट्सबर्गला असा मिळाला. तळाशी राहिल्याचे बक्षीस म्हणून नवोदितांतून पहिली निवड तेव्हा मिळत असे, तिचेही तेच. २००२ साली त्या निवडीने आणलेला ब्रायन बुलिंग्टन हा पिचर पायरेट्ससाठी एकही सामना जिंकू शकला नाही.

२००७ च्या ३० जूनला काही चाहते तिसऱ्या डावानंतर आसने सोडून उठले. हा मालकांविरुद्धचा निषेध होता. चाहत्यापाशी उठून जाण्याखेरीज दुसरे हत्यार नसते, आणि तेही त्याने तिकिटाचे पैसे भरल्यानंतरचे. तेथून पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००८ मध्ये, या संघाच्या शोधाने थेट हिंदुस्थान गाठले. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंनी चेंडूफेकीची एक दूरचित्रवाणी स्पर्धा गाजवली होती. पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. दोघांनीही पूर्वी बेसबॉल खेळलेला नव्हता. दोघांपैकी कोणी मुख्य लीगपर्यंत पोहोचले नाही. यावर पुढे चित्रपट निघाला, तो वाचकांनी पाहिला असेल. पिट्सबर्गच्या चाहत्याला तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना करण्याचा मोह आवरत नाही: शेजारचा पिचर परवडत नाही म्हणून मालक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेला! अर्थात असा विचार त्या दोन मुलांवर अन्यायच करणारा आहे. त्यांनी आपल्या वाट्याची मेहनत केली.

परवडत नाही, या शब्दांचा अर्थ २०१० च्या ऑगस्टमध्ये उलगडला. संघाची काही आर्थिक कागदपत्रे बाहेर फुटली. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत मिळून पायरेट्सने सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर नफा मिळवल्याचे त्यांतून दिसले. श्रीमंत संघांकडून गरीब संघांना मिळणारा वाटा त्यांच्या उत्पन्नात होताच. हा पैसा नवोदितांच्या घडणीवर आणि कर्जफेडीवर खर्च होत असल्याचे व्यवस्थापनाचे म्हणणे होते, आणि ते सर्वस्वी खोटे होते असे नाही. तथापि शेगडीभोवतीच्या ज्या माणसाला तज्ज्ञ मंडळी वर्षानुवर्षे अडाणी ठरवीत आली होती, त्याचा मूळ संशय खरा निघाला. त्या वर्षी संघ १०५ सामने हरला.

आणि तरीही २०१२ च्या हिवाळ्यात हाच माणूस चुकला. त्या हिवाळ्यात पायरेट्सने रसेल मार्टिन या कॅचरला दोन वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलर दिले. आदल्या वर्षी त्याची सरासरी .२११ होती. फ्रान्सिस्को लिरियानो या डावखुऱ्या पिचरची कामगिरी त्याहून निराशाजनक. त्यात करार ठरल्यावर नाताळच्या सुमारास त्याने घरी उजवा हात मोडून घेतला. यातून संघ कसा सुधारावा? पण संघाच्या आकडेतज्ज्ञांनी मार्टिनकडे फलंदाज म्हणून पाहिलेच नव्हते. पट्ट्याच्या कडेवरून जाणारा चेंडू हातमोजा न हलवता असा काही झेलायचा की पंचाने तो स्ट्राइक ठरवावा, ही त्याची कला होती. ती सरासरीत दिसत नाही. दीडशे सामन्यांवर पसरली की मात्र विजयांत दिसते. जोडीला क्षेत्ररक्षकांच्या जागा फलंदाजागणिक बदलण्याचे धोरण आले. लिरियानोने १६ सामने जिंकले. ९ सप्टेंबर २०१३ रोजी टेक्सासमध्ये संघाचा ८२ वा विजय झाला आणि १६२ सामन्यांच्या मोसमात पराभवांचे पारडे हलके राहणार हे एकदाचे ठरले. १ ऑक्टोबरला, एकवीस वर्षांनंतर, पिट्सबर्गमध्ये बाद फेरीचा सामना झाला. काळे कपडे घातलेला जमाव सिनसिनाटीच्या जॉनी क्वेटोचे नाव एका सुरात पुकारत होता. त्याच्या हातून चेंडू निसटून खाली पडला, आणि त्यानंतरच्याच चेंडूवर मार्टिनने होम रन मारला.

तीन वर्षे अशी गेली. २०१५ साली ९८ विजय मिळाले. जानेवारी २०१८ मध्ये, दोन दिवसांच्या अंतराने, गेरिट कोल ह्यूस्टनला आणि अँड्र्यू मॅकचन सॅन फ्रान्सिस्कोला पाठवले गेले. मालकाने संघ विकावा या मागणीच्या अर्जावर हजारो सह्या झाल्या. २०१९ पासून २०२५ पर्यंत पुन्हा प्रत्येक मोसमात पराभवच अधिक. २०२३ साली, पुन्हा तळाच्या पुण्याईने, पहिली निवड मिळाली आणि पॉल स्कीन्स हा पिचर आला. २०२५ साली त्याने नॅशनल लीगमधील सर्वोत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार मतदारांच्या एकमताने मिळवला. त्याच मोसमात त्याचा संघ ९१ सामने हरला. नियमानुसार २०२९ च्या मोसमानंतर तो मोकळा होईल. पिट्सबर्गचे चाहते आताच बोटांवर हिवाळे मोजू लागले आहेत.