‘समाजस्वास्थ्या’वरील दुसरा खटला

तोंडवलीत या विषयावर बोलणार असे आम्ही कळवले, तेव्हा एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेतले आणि म्हणाले, “अहो, रापणीक म्हावरा गावणा नाय, आणि तुमी ह्या काय काढलात?” प्रश्न रास्त आहे. ज्यांची उमर कामगारांच्या पगारवाढीच्या आणि बोनसच्या वाटाघाटींत गेली, त्यांनी समलिंगी संबंध आणि धर्म यांच्या भानगडीत कशाला पडावे? आमचे उत्तर एवढेच की हा विषय आम्ही काढलेला नाही. तो १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात निघाला होता, मराठी मासिकावरून निघाला होता, आणि आरोपीच्या बाजूने उभे असलेले बॅरिस्टर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आरोपी होते प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे. घराणे कोकणातलेच, मुरुडचे. वडील महर्षी कर्वे. रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या वेळी ते विल्सन कॉलेजात शिकवीत होते, आणि ते कॉलेज स्कॉटिश मिशनऱ्यांचे. संततिनियमनाचा प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा, अशी वेळ आली तेव्हा १९२५ साली कर्व्यांनी नोकरी सोडली. पुढे जुलै १९२७मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३च्या ऑक्टोबरात मृत्यू येईपर्यंत ते चालविले. मासिकाने पैसा कधी दिला नाही. संसाराला मोठा आधार पत्नी मालतीबाईंच्या कमाईचा होता, हे कर्व्यांचे गुणगान करणारे पुष्कळदा विसरतात.

मिशनऱ्यांना संततिनियमनाचा एवढा राग का यावा, हे समजून घेतले तर आजचा विषय निम्मा समजतो. स्त्रीपुरुषसंबंध देवाने प्रजोत्पादनासाठी नेमलेला आहे, त्यापलीकडे जे जे घडते ते पाप, हा त्या काळच्या पाद्र्यांचा सिद्धान्त. आमच्या सनातन्यांचीही भाषा हीच होती. फक्त देवाच्या जागी ते शास्त्र म्हणत आणि प्रजेच्या जागी पुत्र. कर्व्यांनी हीच गाठ सोडली. संबंध वेगळा आणि संतती वेगळी, असे त्यांनी साध्या मराठीत लिहिले. ही गाठ एकदा सुटली की दोन पुरुषांचा वा दोन स्त्रियांचा संबंध केवळ त्यातून मूल होत नाही म्हणून पाप कसा, या प्रश्नाला धड उत्तर उरत नाही. विरोधकांनी हा धोका बरोबर ओळखला होता.

‘समाजस्वास्थ्या’वर पहिला खटला १९३१ साली झाला, व्यभिचारावरील लेखाबद्दल. पुण्यातील सनातनी मंडळींचा त्यामागे जोर होता. कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला. दुसरा खटला १९३४चा. त्यात लेख हे कारण नव्हतेच. कारण होते वाचकांची पत्रे. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांबद्दल वाचकांनी शंका विचारल्या, कर्व्यांनी उत्तरे छापली, आणि सरकारने ती अश्लील ठरविली.

या पत्रांपाशी जरा थांबू या. कुणीतरी मराठी माणसाने टपाल खर्चून, मनावर दगड ठेवून, एका मासिकाला विचारले की माझे असे होते, हे काय आहे? अशी माणसे आपल्यांत नव्हती, ती हल्ली पाश्चात्त्यांच्या संगतीने झाली, असे आज जे छातीठोकपणे सांगतात त्यांना हे पत्रलेखक दिसत नाहीत. त्या माणसांना दुसरीकडे कुठे जागा नव्हती. देवळात विचारायची सोय नाही, देवाला कौल लावावा तर गुरवासमोर तोंड उघडणे आले, घरी तर नावच नको. ती जागा कर्व्यांनी दिली आणि त्याबद्दल आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

आंबेडकरांनी हा खटला घेतला त्या वर्षांत सनातन्यांशी त्यांचा झगडा रंगात होता. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३०पासूनचा. दुसऱ्याच्या भांडणात पडण्याइतकी सवड त्यांना नव्हती. तरी ते उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील होत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, यावर त्यांचे म्हणणे असे की विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, उत्तर नाकारून जाणार नाही. त्या खटल्याची जी हकीकत सांगितली जाते तीत आणखी एक गोष्ट येते: हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाचा दाखला देऊन आंबेडकरांनी सुचविले की ज्यांची प्रवृत्तीच तशी आहे त्यांनी आपल्या परीने सुख मिळविले तर त्यात गैर ते काय? १९३४ साली, गुन्ह्याचे कलम पुस्तकात जिवंत असताना! खटला ते हरले. दंड दोनशे रुपये.

ते कलम म्हणजे भारतीय दंडसंहितेचे ३७७वे. त्याचे कूळ पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात असल्या वर्तनाचा न्याय पूर्वी चर्चची न्यायालये करीत. १५३३ साली आठव्या हेन्रीने तो गुन्हा राजाच्या न्यायालयात आणला आणि त्याला फाशी ठेवली. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली हिंदुस्थानसाठी मसुदा केला, १८६०मध्ये कायदा झाला, १ जानेवारी १८६२पासून अंमल सुरू झाला. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हा त्यातला शब्दप्रयोग ख्रिस्ती धर्मशास्त्रातून आला आहे. शिक्षा काळ्या पाण्याची, किंवा दहा वर्षांपर्यंत कैदेची.

आमची जुनी शास्त्रे उदार होती असेही आम्ही म्हणणार नाही. तो एक नवा भाबडेपणा निघाला आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात द्विज पुरुषाला अशा संबंधाबद्दल एके ठिकाणी वस्त्रांसह स्नान सांगितले आहे, तर त्याच अध्यायात दुसरीकडे हे पाप जातीतून भ्रष्ट करणारे म्हटले आहे. आठव्या अध्यायात कुमारिकेशी असे वर्तन करणाऱ्या स्त्रीला मुंडण किंवा बोटे तोडणे, आणि गाढवावरून धिंड. पुरुषाला अंघोळ आणि बाईला बोटे! कौटिल्य मात्र पुरुषांबाबत किरकोळ दंडावर भागवतो. म्हणजे शास्त्रांत एकवाक्यता नव्हती. आजन्म कैद मात्र त्यांतल्या कोणी सांगितली नव्हती. ती विलायतेहून बोटीने आली, आणि पुढे आमच्याच धर्माभिमान्यांनी ती आपली परंपरा म्हणून उराशी धरली.

जत्रेच्या रात्री दहिकाल्यात लुगडे नेसून पुरुष रंगमंचावर येतो, विष्णूची मोहिनी होते, आणि सारा गाव हात जोडतो. स्त्रीपार्ट करणारा नट समलिंगी असतो असे नव्हे. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण पहाटे मुखवटा उतरल्यावर त्याच नटाला जी टिंगल ऐकावी लागते ती तुम्ही आम्ही सर्वांनी ऐकली आहे.

पुढची हकीकत थोडक्यात. १९९८च्या डिसेंबरात मुंबईत ‘फायर’ चित्रपटाचे खेळ शिवसैनिकांनी बंद पाडले. दोन नायिकांची नावे राधा आणि सीता, हा आक्षेपांतला एक. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या खाजगी, संमतीच्या संबंधापुरते ३७७ रद्द केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात त्याविरुद्ध कोण गेले? एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, ख्रिस्ती संघटना, मनुवादी म्हणविणारा एक पक्ष. एरवी जे एकमेकांच्या सावलीला उभे राहत नाहीत ते एका रांगेत. ११ डिसेंबर २०१३ला ते जिंकले. त्याच वेळी मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ग्रेशस यांनी मात्र सांगितले की समलिंगी विवाहाला चर्चचा विरोध आहे, पण या माणसांना आम्ही गुन्हेगार मानत नाही. इंग्लंडातही १९६७ साली कायदा सुधारला तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप रॅमसे सुधारणेच्या बाजूने होते. पापाची शिक्षा देवाने द्यावी की पोलिसाने, हा फरक धार्मिक माणसांनाही करता येतो.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने २०१३चा निकाल फिरविला. १ जुलै २०२४पासून जुनी दंडसंहिताच गेली आणि नव्या संहितेत ते कलम घेतलेले नाही. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालाने मिळाला नाही; तिथेही धर्मसंस्था विरोधाला हजर होत्या.

आता आमची स्वतःची गोष्ट, कारण ती टाळली तर कर्व्यांचे नाव घेण्याचा आम्हांस अधिकार नाही. १९९० नंतरच्या दशकात एका कारखान्यात आम्ही युनियनचे काम पाहत होतो. तिथला एक कामगार, आमच्याच किनाऱ्याकडचा, एका रात्री कचेरीत आला. एक पोलीस दर महिन्याला पगाराच्या दिवशी त्याला गाठून पैसे उकळत होता. दिले नाहीत तर ३७७ लावतो आणि गावी कळवतो म्हणत होता. घरचे लग्नाची घाई करीत होते ते निराळेच. तक्रार साधी होती: कामगाराच्या पगारावर कोणी दरोडा घालीत आहे. बोनसचे चार पैसे मालकाने कापले असते तर आम्ही दाराशी निदर्शने केली असती. त्याला आम्ही म्हणालो, “युनियन असल्या भानगडींत पडत नाही. लग्न कर, सर्व ठीक होईल.” आम्ही स्वतःला नास्तिक म्हणवीत होतो, आणि उत्तर दिले ते भटजीचे.

त्याने लग्न केले. दोन वर्षांनी ती मुलगी माहेरी परत आली. तिचा काय दोष होता ते तिला कोणी सांगितले नाही. तो नोकरी सोडून गेला. २०१८च्या निकालानंतर आम्ही त्याचा पत्ता काढून पत्र टाकले, क्षमा मागितली. महिनाभराने पोस्टकार्ड आले. त्यात त्याने आमच्या प्रकृतीची चौकशी केली होती, आणि प्रॉव्हिडंट फंडाची थकलेली रक्कम कशी मिळवावी ते विचारले होते. त्या कामाला आम्ही दुसऱ्या दिवशी लागलो.