कंटेनरमधले टर्मिनल नेमके कोणाचे?
लिनक्समध्ये टर्मिनलची खिडकी उघडली की 'डेव्ह'मधल्या 'पीटीएस' फोल्डरमध्ये ०, १, २ अशा नावाची एक फाइल उगवते. हे फोल्डर डिस्कवर नसते. 'डेव्हपीटीएस' ही फाइल सिस्टिम तिथे माउंट केलेली असते.

कंटेनर म्हणजे त्याच कर्नलवर चालणारी वेगळी खोली. पण पूर्वी आत डेव्हपीटीएस माउंट केली, तरी बाहेरचीच मिळायची. म्हणजे बाहेरची टर्मिनले आतून दिसणार! त्याहून त्रासदायक म्हणजे, आत दिलेले परवानगीचे पर्याय बाहेरही लागू व्हायचे आणि मूळ सिस्टिमची टर्मिनले बिघडायची. २००९ मध्ये लिनक्स २.६.२९ ने 'न्यूइन्स्टन्स' पर्याय दिला, पण तो आठवणीने लिहावा लागे.

२०१६ च्या ४.७ पासून प्रत्येक माउंट आपोआप स्वतंत्र असतो. त्यामुळे आतले ० आणि बाहेरचे ० ही दोन निराळी टर्मिनले असतात.